बाज उचलणारे चौघे कुठे आहेत?

३ डिसेंबर झाला. जागतिक दिव्यांग दिन. गुलाबाची फुलं, शाल, श्रीफळ, मान्यवरांची भाषणं, दोन-चार प्रेरणादायी व्हिडिओ, सगळं रीतसर पार पडलं. आता तीन आठवड्यांवर नाताळ आला. चर्चला रंग लागतोय, लायटिंगची वर्गणी सुरू झाली, कॅरलच्या फेरीचं वेळापत्रक ग्रुपवर पडलं. या दोन तारखांच्या मधे एक विषय मांडायचा आहे. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विशेषतः आपल्या मंडळीतल्या लोकांनी.

म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. आजारी माणसाच्या विश्वासाची परीक्षा घेणं आपण आता थांबवू या, आणि धडधाकट माणसांच्या विश्वासाला थोडं कामाला लावू या.

मला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. कमरेचे आणि खांद्याचे स्नायू हळूहळू झिजतात. दोष जनुकात असतो. त्यामुळे स्नायूला धरून ठेवणारं किंवा दुरुस्त करणारं एखादं प्रथिन नीट तयार होत नाही. आपल्या सगळ्यांचे स्नायू रोज थोडे फाटतात आणि भरून निघतात. आमचे फाटतात, पण पूर्ण भरून निघत नाहीत. त्यांच्या जागी चरबी आणि निबर तंतू येतात. या एका नावाखाली तीसहून जास्त प्रकार आहेत. कोणाला पंधराव्या वर्षी सुरू होतो, कोणाला पस्तिसाव्या.

लहान मुलग्यांमध्ये होतो तो ड्युशेन. त्याचा वेग फार. तीन ते पाच वर्षांचा मुलगा सारखा पडायला लागतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत टेकवत उभा राहतो, पोटऱ्या मात्र जाडजूड दिसतात. लोक म्हणतात, "पाय बघा कसे पैलवानासारखे!" साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास व्हीलचेअर येते. पुढे हृदय आणि श्वासाचे स्नायू. ५ हजार मुलग्यांमागे साधारण एकाला हा आजार होतो.

यावर आज पूर्ण बरा करणारा इलाज नाही. ड्युशेनमध्ये स्टेरॉइडमुळे चालण्याची काही वर्षं वाढतात. योग्य फिजिओथेरपी, हृदयाची तपासणी आणि रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन यांमुळे आयुष्य वाढतं आणि सुसह्य होतं. अमेरिकेत २०२३ मध्ये एका जीन थेरपीला मान्यता मिळाली, किंमत सुमारे ३२ लाख डॉलर. २०२५ मध्ये यकृत निकामी होऊन काही मृत्यू झाल्यावर तिच्या वापरावर मर्यादा आल्या. म्हणजे विज्ञानही धडपडत पुढे चाललंय. खोटं आश्वासन तेही देत नाही.

आता मंडळीत काय होतं ते सांगतो.

उपासनेनंतर कोणीतरी प्रेमाने जवळ येतं. खांद्यावर हात ठेवतं. म्हणतं, "भाऊ, विश्वास ठेव, तू चालणार." मी म्हणतो, "आमेन." सहा महिन्यांनी तीच व्यक्ती मला आधीपेक्षा जास्त वाकलेला बघते, आणि आता सूर बदललेला असतो. "काही कबूल करायचं राहिलंय का? घरात कोणाचं काही? उपास करून बघितलास?" आणखी वर्षभराने तीच व्यक्ती मला टाळायला लागते. कारण मी बरा होत नाही, आणि बरा न होणारा माणूस हा त्यांच्या साक्षीतला खड्डा असतो.

ही तक्रार एका माणसाविषयी नाही. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण या प्रेमाचं ओझं कोणावर पडतं ते बघा. जो आधीच जिना चढताना धापा टाकतोय, त्याच्या पाठीवर आपण आणखी एक पोतं ठेवतो. आजाराचं पोतं होतंच. आता "माझाच विश्वास कमी पडला" याचंही.

मार्काच्या शुभवर्तमानातली कफर्णहूमची गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. पक्षघात झालेला एक माणूस, बाज उचलून आणणारे चौघे, दारात मुंगीला शिरायला जागा नाही इतकी गर्दी. चौघं छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. आता पुढचं वाक्य घरी जाऊन नीट वाचा. येशूने कोणाचा विश्वास पाहिला? मार्क तिथे अनेकवचन वापरतो. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती किलो होता, हे तो वेगळं सांगतच नाही. त्या माणसाच्या तोंडी एक शब्दही नाही. विश्वास दिसला तो घामाघूम झालेल्या, हाताला माती लागलेल्या, दुसऱ्याचं घर उसकटण्याचा वाईटपणा घेतलेल्या माणसांचा.

आपण ही गोष्ट उलटी करून टाकली आहे. आपण बाजेवरच्या माणसाला म्हणतो, "तू विश्वास ठेव." आणि चौघांची जागा रिकामी ठेवून उपासनेला बसतो. शिवाय दाराशी गर्दी करणारेही आपणच असतो. त्या घरातल्या एकाही माणसाने सरकून वाट दिली नाही, हेही त्या गोष्टीत आहे. सगळे प्रवचन ऐकत होते.

दुसरी गोष्ट योहानातली, जन्मापासून आंधळ्या माणसाची. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. दोन हजार वर्षं झाली त्याला. तरी आपल्याकडे एखाद्या घरात ड्युशेनचा मुलगा निघाला की कुजबुज सुरू होते ती आईपासून. आणि इथे विज्ञानाचं अर्धवट ज्ञान आणखी घात करतं. ड्युशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, ते आईकडून मुलाकडे येऊ शकतं, एवढं अर्धं वाक्य सासरी पोचतं आणि त्या बाईचं जगणं मुश्किल होतं. उरलेलं अर्धं वाक्य असं आहे: सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्याने झालेला असतो, आईत तो नसतोच. आणि जिच्यात असतो, तिनेही तो निवडलेला नसतो. जनुक म्हणजे पाप नाही. तपासणी करायची ती पुढच्या बाळाविषयी शहाणपणाने ठरवता यावं म्हणून. पंचायत बसवायला नव्हे.

माझी विनंती आहे की प्रत्येक पाळकसाहेबांनी, प्रत्येक फादरांनी वर्षातून एकदा तरी पुलपिटवरून हे स्पष्ट सांगावं. तुमच्या एका वाक्याने एखाद्या घरातली सून वाचेल.

आता जरा टोचणारं.

चंगाई सभांविषयी बोललं की लगेच दोन प्रतिक्रिया येतात. बाहेरचे म्हणतात, बघा, यांच्यातलाच माणूस बोलला, हे सगळे भोंदू. आणि आतले म्हणतात, भाऊ, वातावरण काय आहे बघताय ना, आपल्यावर आधीच आरोप होतायत, कशाला त्यांच्या हाती कोलीत देता? दोघांनाही उत्तर एकच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं हा गुन्हा नाही, फसवणूक नाही. ती माझ्यासाठी झाली आहे, होते, आणि व्हावी. पण वातावरण खराब आहे म्हणून घरातली गळती झाकून ठेवली, तर भिंत आपलीच पडते.

गळती कुठे आहे ते नेमकं सांगतो. "आता गोळ्या बंद कर, नाहीतर तुझा विश्वास कसला?" हे वाक्य. हे वाक्य जीव घेऊ शकतं, आणि मी अलंकारिक बोलत नाही. ड्युशेनची मुलं वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट घेतात. ही स्टेरॉइड आहेत. ती दीर्घकाळ घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल तयार करणं जवळपास थांबवतं. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या, ग्लानी, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू. डॉक्टरसुद्धा ती हळूहळू, पायरी पायरीने कमी करतात. स्टेजवरून कोणी गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर तो माणूस कितीही मोठ्या आवाजात प्रार्थना करत असो, तिथून उठा. मुलाला घेऊन घरी या आणि गोळी द्या.

लूक वैद्य होता, असं आपण कौतुकाने सांगतो. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारला, तो याच विश्वासातून. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांना ब्रेल शिकवलं गेलं, त्यात त्यांची मुलगी मनोरमाबाई पुढे होती. त्या माणसांनी प्रार्थना केली नाही असं कोण म्हणेल? त्यांनी प्रार्थना केली आणि बोटांना अक्षरं दिली. डोळे आले नाहीत म्हणून त्या बायकांचा विश्वास कमी होता, असा हिशेब तिथे कोणी मांडला नाही. ही आपली मराठी ख्रिस्ती परंपरा आहे. चंगाईचे फ्लेक्स नंतर आले.

लोक मला विचारतात, मग तुला विश्वास देतो तरी काय? बरा तर होत नाहीस.

खरं सांगायचं तर या आजाराचं दुःख एकदाच होत नाही. हप्त्याहप्त्याने होतं. आधी पळणं गेलं. मग जिना. मग खाली बसून उठणं. मग डोक्यावरच्या फळीवरचा डबा काढणं. मग केस विंचरणं. प्रत्येक वेळी वाटतं, आता एवढ्यावर थांबावं. थांबत नाही. अपघात झालेल्या माणसाला एका दिवसात सगळं कळतं आणि तो तिथून उभारी धरतो. आमची जमीन रोज थोडी खचते. त्यामुळे "परिस्थिती स्वीकारा" हा सल्ला आम्हाला अर्धाच उपयोगी. स्वीकारेपर्यंत परिस्थिती पुढे सरकलेली असते.

इथे मला स्तोत्रसंहिता उपयोगी पडते, कारण त्यात देवाशी भांडायची परवानगी आहे. दीडशे स्तोत्रांमधली कितीतरी तक्रारीची आहेत. रडणं, जाब विचारणं, "किती दिवस?" असं ओरडणं, हे सगळं पवित्र शास्त्रात छापलेलं आहे. आपण मात्र आजाऱ्याकडून कायम हसऱ्या साक्षीची अपेक्षा करतो. पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी तीन वेळा विनंती केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढं उत्तर मिळालं. गेथशेमानेत खुद्द येशूची प्रार्थना त्याने मागितली तशी पुरी झाली नाही. आता सांगा, या दोघांपैकी कोणाचा विश्वास कमी पडला होता?

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त धरून ठेवते. पुनरुत्थान झालेल्या येशूच्या शरीरावर जखमा तशाच होत्या. थोमाला त्याने त्याच दाखवल्या. देवाला त्या पुसता आल्या नसत्या का? अमेरिकेतल्या नॅन्सी आयस्लंड या धर्मशास्त्राच्या अभ्यासक स्वतः जन्मापासून हाडांच्या व्यंगासह जगल्या. त्यांनी १९९४ मध्ये 'द डिसेबल्ड गॉड' नावाचं पुस्तक लिहिलं आणि नेमका हाच धागा धरला: गौरवातसुद्धा व्यंग असलेलं शरीर ख्रिस्ताने टाकून दिलं नाही. मी काही धर्मपंडित नाही. पण पहाटे तीनला कूस बदलण्यासाठी बायकोला उठवावं लागतं, तेव्हा हा विचार मला अंधारात एकटं पडू देत नाही. माझं शरीर ही देवाची चूक नाही, एवढं कळायला मला विश्वास लागतो. स्नायू परत यायला लागतो तो वेगळा, आणि तो मी देवावर सोडला आहे.

पण चर्चच्या पायऱ्या मी देवावर सोडलेल्या नाहीत. त्या आपण बांधल्या आहेत.

तुमच्या चर्चला किती पायऱ्या आहेत? उत्तर लगेच आलं नाही ना? मला माझ्या चर्चच्या पाठ आहेत. ज्याला चढाव्या लागतात त्याला मोजायची गरज पडत नाही, आणि ज्याला चढता येत नाहीत त्याला विसरता येत नाहीत. "चार पोरं उचलून नेतील की!" असं सगळीकडे सांगतात. मनापासून सांगतात. पण दर रविवारी सगळ्यांसमोर गोणीसारखं उचलून घेणं काय असतं, हे एकदा खुर्चीत बसून बघा. शिवाय आमचे खांदे कमजोर असतात. काखेत हात घालून उचललं तर ते निसटू शकतात, इजा होऊ शकते. छपरावर चढणारे चौघे मला हवे आहेतच. पण त्यांनी मला दर आठवड्याला उचलत बसण्यापेक्षा एकदाच उतार बांधावा. कफर्णहूमच्या चौघांनीही त्या दिवशी अडथळाच फोडला होता.

हिशेब फार मोठा नाही. उताराचं प्रमाण साधारण एकास बारा. म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटांचा रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा. दार तीन फूट रुंद. आत बाकांच्या एका रांगेत एक बाक काढून मोकळी जागा, म्हणजे व्हीलचेअर शेवटी दाराशी किंवा मधल्या वाटेत उभी राहणार नाही, माणूस आपल्या कुटुंबाशेजारी बसेल. कंपाउंडमध्ये एक कमोडचा संडास, ज्याचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांनी वेदीवरून खाली चार पावलं यावं. एवढंच.

आणि ही मेहरबानी नाही, कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव त्यात स्पष्ट आलं. याच कायद्यातली 'सार्वजनिक इमारत' या शब्दाची व्याख्या वाचा. तिच्यात सरकारीच नव्हे, खाजगी इमारतीही येतात, आणि धार्मिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा उल्लेख आहे. म्हणजे चर्च, देऊळ, मशीद, गुरुद्वारा, विहार सगळे आले. असलेल्या इमारती सुगम करायला कायद्याने पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले. पाच वर्षं २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात आणखी एक गोष्ट सांगितली: सुगमतेचे नियम नुसते सूचनावजा ठेवून चालणार नाही, सरकारने सक्तीचे किमान निकष आखावेत.

पण मला वाईट याचं वाटतं की कायद्याचा हवाला आपल्याला द्यावा लागतोय. नाताळात आपण जो संदेश गातो तो काय आहे? देव वरून खाली आला. आपल्या पातळीवर आला. आणि आपल्या चर्चला उतार नाही.

आता सरकारकडे वळतो, कारण सगळा राग मंडळीवर काढणं बरोबर नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड हा आमचा पहिला डोंगर. झिजत जाणाऱ्या आजारात अनेकांना मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपली की पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी, पुन्हा रांग, पुन्हा तपासणी. जो आजार फक्त वाढतो, त्याच्यात सुधारणा झाली का हे बघायला माणसाला पन्नास किलोमीटर बोलवायचं, हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. एका ठिकाणी तर प्रमाणपत्राचं टेबल पहिल्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. साहेब खाली आले नाहीत, कागद वर गेला, माणूस खाली राहिला.

संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारं अनुदान २०२५ मध्ये राज्य सरकारने दीड हजारांवरून अडीच हजार रुपये केलं. चांगलं झालं. पण ज्याला अंथरुणातून उठवायला दिवसभर एक माणूस लागतो, त्या घरात एकाचा नव्हे, दोघांचा रोजगार जातो. आजाऱ्याचा आणि सांभाळणाराचा. सांभाळणारी बहुतेक वेळा बाई असते. आई, बायको, बहीण. तिच्या कंबरेचा एक्स-रे कोणी काढत नाही. २०१६ च्या कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला तसा आधार मागण्याची तरतूद आहे. ती कागदावरून घराच्या उंबऱ्यापर्यंत आणायची असेल तर मागणी करणारे लोक लागतील.

दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. ठरावीक आजारांसाठी, ठरावीक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. पण आमच्यातल्या बहुतेकांची गरज कोटींच्या इंजेक्शनची नाहीच, कारण आमच्या प्रकाराला ते इंजेक्शन अजून जन्माला आलेलं नाही. आमची गरज साधी आहे. तालुक्याला आठवड्यातून एक दिवस हा आजार समजणारा फिजिओथेरपिस्ट, कारण या आजारात वजनं उचलून घाम गाळायला लावणं उलट नुकसान करतं. हृदयाची वर्षातून एक सोनोग्राफी. श्वासाची तपासणी. बायपॅप भाड्याने मिळायची सोय. आणि एक फोन नंबर, जिथे विचारलं तर कोणी "हे काय असतं?" असं उलट विचारणार नाही.

इथेच मंडळीचं काम सुरू होतं. आपल्याकडे शाळा आहेत, मिशनचे दवाखाने आहेत, हॉल आहेत, स्त्री मंडळ आहे, तरुण संघ आहे. गावोगाव इतकी घट्ट बांधलेली माणसं कोणाकडे आहेत? आणि हे फक्त ख्रिस्ती रुग्णांसाठी करायचं नाही. तसं केलं तर तो आपला क्लब होईल. आणि कोणी उपचार घ्यायला आला म्हणून त्याच्या हातात पत्रकही ठेवायचं नाही. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गिस आठवा. १९५४ मध्ये अपघातात कमरेखालचं शरीर निकामी झालं. प्रार्थना झाल्या असतीलच. पाय परत आले नाहीत. त्या व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करायला शिकल्या. पुढे न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला १९६६ मध्ये पुनर्वसन केंद्र उभं केलं. १९७२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासमोर आलेल्या रुग्णाला त्यांनी धर्म विचारला नाही, विश्वास किती हेही विचारलं नाही. हात कुठवर वळतो ते बघितलं.

मात्र एक सावधगिरी. प्रत्येक आजाऱ्याने मेरी व्हर्गिस व्हावं, ही अपेक्षाही करू नका. "बघ, ती बाई खुर्चीतून ऑपरेशन करायची, तू निदान हस तरी!" हे चंगाईच्या दबावाचंच दुसरं रूप आहे. आमच्यातले बरेचजण साधे आहेत. कोणी रडका, कोणी चिडका, कोणी मोबाईलवर क्रिकेट बघत दिवस काढणारा. त्यालाही मंडळीत जागा हवी, काहीही सिद्ध न करता.

मला माहीत आहे आता काय उत्तरं येतील. एक, "आमच्याकडे व्हीलचेअरवाला कोणी येतच नाही, रॅम्प कोणासाठी?" अहो, पायऱ्या आहेत म्हणून येत नाही. रॅम्प करून बघा. पहिल्या रविवारी गुडघेदुखीच्या सगळ्या आज्या त्यावरून येतील, मग बाळगाडीवाली आई येईल, आणि एक दिवस तो पोरगा येईल ज्याला तुम्ही पाच वर्षं पाहिलेलं नाही. दोन, "इमारत जुनी आहे, रूप बिघडेल." बाजूच्या दाराने करा, दगडाला हात न लावता लोखंडी सुटा रॅम्पही होतो. तीन, "निधी नाही." यंदाच्या लायटिंगचं बिल काढा आणि शेजारी रॅम्पचं कोटेशन ठेवा. मी एवढंच म्हणेन.

म्हणून नाताळच्या आधी प्रत्येक मंडळीत, पंच कमिटीत, पॅरिश कौन्सिलमध्ये चार ठराव व्हावेत असं मला वाटतं.

पहिला, पायऱ्या मोजा आणि पुढच्या पुनरुत्थान सणाच्या आत उतार बांधा. दुसरा, आपल्या चर्चमध्ये किंवा आपण भरवलेल्या कोणत्याही सभेत कोणालाही औषध बंद करायला सांगितलं जाणार नाही, हे लेखी ठरवा आणि नोटीस बोर्डावर लावा. तिसरा, तरुण संघातल्या दोन मुलांनी यूडीआयडीचे ऑनलाइन अर्ज भरायला शिकावं, आणि वॉर्डातल्या कोणत्याही धर्माच्या दिव्यांग माणसाबरोबर प्रमाणपत्राच्या दिवशी जावं. चौथा, स्त्री मंडळाने महिन्यातून एक दुपार सांभाळणाऱ्या बाईला सुट्टी द्यावी. कोणीतरी आजाऱ्याजवळ बसायचं आणि तिने बाहेर जायचं. बाजारात जाऊ दे, माहेरी जाऊ दे, नुसती झोपू दे. आधी तिच्याकडून उचलायचं आणि कूस वळवायचं तेवढं नीट शिकून घ्या.

आणि प्रार्थना? ती करा. मनापासून करा, मला हवी आहे. फक्त ती करताना माझ्या गुडघ्यांकडे बघू नका, स्वतःच्या हातांकडे बघा. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसाची तक्रार काय होती ते आठवा. त्याने आजाराविषयी गाऱ्हाणं केलं नव्हतं. तळ्यापर्यंत न्यायला आपल्याला कोणी माणूस नाही, असं तो म्हणाला होता.

तुमच्या चर्चला किती पायऱ्या आहेत, ते उद्या मोजून कमेंटमध्ये लिहा. देऊळ, मशीद, विहार, ग्रामपंचायत, तलाठी ऑफिस, काहीही चालेल. फक्त आकडा लिहा. यादी मोठी झाली की ती घेऊन कुठे जायचं ते सगळे मिळून ठरवू.

जय ख्रिस्त. आणि सगळ्यांना नाताळच्या आगाऊ शुभेच्छा.